बद्द वाजणारा डबा

धायरीच्या त्या आळीत बायडाबाईच्या भित्रेपणाच्या गोष्टी चवीनं सांगितल्या जातात, आणि त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या आहेत. कुकर चढवला की ती ओट्यापाशी थांबत नसे, दाराआड उभी राहून शिट्ट्या ऐके. गॅसची टाकी बदलायला माणूस आला की शेजारी जाऊन बसे. फोन वाजला तर आधी देवाकडे बघे, मग फोनकडे. विजेचं बटण दाबायचं ते लाकडी पाटावर उभं राहूनच, हा तिचा नेम घरात वीज आल्या दिवसापासूनचा. पाट झिजून मध्ये खोलगट झाला, भीती मात्र होती तशीच राहिली. जगात भिण्यासारखं एवढं पडलेलं असताना लोक बिनघोर हिंडतात कसे, याचंच तिला नवल वाटे.

नवरा अगदी वेगळ्या मातीचा. सोनबा म्हणजे साप दिसला तर शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावणारा, भरल्या विहिरीत सूर मारणारा, मोटरीच्या वायरी दातांनी सोलणारा माणूस. पुणं वाढत वाढत धायरीला येऊन भिडलं, त्यांच्या मेथी-कोथिंबिरीच्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या, वाटणीवरून भावकीत काठ्या निघाल्या, तरी त्याची झोप कधी मोडली नाही. बायडाबाई भ्याली की तो तंबाखू मळता मळता एकच वाक्य म्हणे, “भ्यायाचं काय त्यात? मी हाय न्हवं.” लग्नानंतर तिला पहिल्यांदा एस.टी.त चढवताना त्यानं ते म्हटलं होतं आणि पुढं जन्मभर म्हणत राहिला. त्या वाक्यानं भीती जात नसे, पण तिला टेकायला जागा मिळे.

मग एका सकाळी तोंड धुताना सोनबाच्या हातातून तांब्या पडला. उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओघळलं, डोळ्याची पापणी जड होऊन अर्धी मिटलेलीच राहिली आणि वाचा बसली. जीव वाचला, डावा हात वाचला. डोकं शाबूत होतं, सगळं कळत होतं, पण घशातून ‘अं, अं’ याच्यापलीकडे काही फुटेना. वाचेबरोबर ते वाक्यही गेलं. बायडाबाई आधीही भीतच होती, पण आता भ्याल्यावर बघायचं कुणाकडे? समोर दिवाणावर तो पडलेला आणि तिची सगळ्यात मोठी भीती आता तोच होऊन बसला होता. हा गेला तर आपलं काय, हा एकच विचार तिच्या मनात सकाळपासून झोपेपर्यंत चाले.

दवाखान्यात आहार सांगणारी एक बाई होती. तिनं सुनेला बसवून नीट समजावलं होतं: मऊ अन्न द्या, बेतानं गोड द्या आणि रोज फळ पोटात गेलंच पाहिजे. ऐकायला सोपं. पण सोनबाला चावता येईना. पेरू गेला, सफरचंद गेलं. पपई तो तोंडातून बाहेर ढकली. केळ्याचा त्याला मूळचाच तिटकारा, आणि रक्तातली साखर काठावर असल्यामुळे डॉक्टरही केळ्याला नाक मुरडत. सफरचंद वाफवून कुस्करायचं म्हटलं तर बायडाबाई त्यासाठी कुकर दुसऱ्यांदा चढवायला धजत नसे, सून वैजयंता सकाळी कंपनीच्या बसला धावायची आणि मुलगा जयसिंग तिच्याही आधी बाहेर पडायचा. शेवटी वैजयंतानंच वाट काढली. तिनं इम्तियाजच्या दुकानातून पीचचे आणि नासपतीचे डबे आणले. डब्यातलं फळ शिजून लोण्यासारखं झालेलं असतं, चमच्यानं दाबलं की मोडतं. आहारवाल्या बाईनं हो म्हटलं, फक्त अटी घातल्या. पाक टाकून द्यायचा, फोडी चाळणीत घेऊन नळाखाली धुवायच्या, आणि उरलेलं फळ उघड्या डब्यात ठेवायचं नाही, काचेच्या वाडग्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचं.

बायडाबाई डबा बघूनच भ्याली. झाडावरून उतरलेलं फळ चार दिवसांत नासतं, ही तिची जन्माची विद्या. हे वर्षभर नासत नाही म्हणजे ह्याला काय म्हणायचं? “मेलेल्याला मरण न्हाई, तसलंच हे,” असं ती सुनेला म्हणाली. सून हसली आणि बसला निघून गेली. मग डबा फोडायचं काम बायडाबाईकडेच आलं. डबा परडीत ठेवून ती वरून फडकं टाके, तोंड दुसरीकडे वळवी, आणि ओपनरचं पातं आत शिरताना ‘फस्’ झालं की दचकून मागे सरे. रोज दचके. पुढं दचकण्याचीच सवय झाली.

हळूहळू डबे घरात रुळले. सकाळी नाचणीचं सत्त्व आणि नासपतीच्या फोडी, दुपारी मऊ भात, मुगाचं वरण आणि सायीच्या दह्यात पीचची कोशिंबीर, वर भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. संध्याकाळच्या दलियातही दोन फोडी जात. आळीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या आणि बायडाबाई त्यांना पाक टाकायचा, फोडी धुवायच्या, हे सगळं मोठ्या मानानं सांगू लागली. सोनबाच्या तोंडावर थोडी तकाकी आली होती. हा डब्यातल्या फळांचा गुण, असं तिनं ठरवून टाकलं. भरवून झाल्यावर त्याच्या लुळ्या गालात बोट फिरवून काही अडकलं नाही ना ते बघायचं, हेही दवाखान्यात शिकवलं होतं. तिचं बोट रोज कोरडंच बाहेर येई. एवढं स्वच्छ गिळतात, असं ती कौतुकानं सांगे.

एकच गोष्ट तिच्या जिवाला खात होती, ती म्हणजे मुंग्या. दिवाणापाशी मुंग्यांची रांग लागायची. तिनं हळद टाकली, खडूच्या रेघा ओढल्या, तरी रांग भिंतीकडून यायची ती यायचीच. दिवाण मोठा, पोटात गोधड्या आणि पितळेची भांडी भरलेला, भिंतीला चिकटवून ठेवलेला. सोनबा वर असताना तो हलायचा नाही, आणि सोनबा वर नसे असं कधी होत नसे. आजारी माणसाच्या अंथरुणाला मुंग्या लागल्या की माणूस जाणार, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. रोज गुपचूप रांग पुसायची आणि देवापुढं दिवा लावायचा, एवढं तिच्या हातात होतं.

ते सगळं घडलं तो दिवस उन्हाळ्यातला. घरातले डबे संपले होते आणि वैजयंताला आदल्या दिवशी आणायला जमलं नव्हतं. सोनबाच्या जेवणाची वेळ होत आलेली. फळ चुकलं आणि त्याला काही झालं तर? शेजारणीला दारात बसवून बायडाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतःच दुकानात गेली.

इम्तियाज म्हणजे धायरी फाट्यावरचा किराणावाला, सरळ माणूस, बायडाबाईला मावशी म्हणायचा. तो त्या वेळी सोसायटीतल्या एका बाईंना तांदळाचे प्रकार दाखवण्यात गुंतला होता. त्या बाईंना एकही प्रकार पसंत पडत नव्हता आणि इम्तियाजचं तोंड आंबत चाललं होतं. बायडाबाईनं फळीवरचा डबा हातात घेतला आणि त्याच्यावर टिचकी मारली.

आता ही टिचकी कुठली, ते सांगायला हवं. तिचं माहेर भीमेच्या काठचं. पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या लागत, आणि बायडाबाई पोरवयात दिवसभर टिचक्या मारत हिंडे. कच्चं कलिंगड टण्ण वाजतं, पिकलेलं बद्द वाजतं. त्यात तिचा हात कधी चुकला नव्हता. जगातल्या ज्या एका गोष्टीची तिला भीती नव्हती ती ही. सून आणेल तो डबा ती मुकाट्यानं फोडायची, पण आज निवड तिच्या हातात होती. फळीवरचा डबा टण्ण वाजला. दुसराही टण्ण. तिसऱ्याची तीच गत. सगळे कच्चे! शिवाय त्यांची तोंडं आत गेलेली, भरताना हात आखडल्यासारखी. मग तिची नजर तांदळाच्या पोत्याआड गेली. तिथं एका चेपलेल्या खोक्यात दोन-चार डबे निराळे पडले होते. एकाचं तोंड छान वर आलेलं, पोट गच्च. तिनं टिचकी मारली.

बद्द.

दुकानदार चांगला माल मागे ठेवतात, हे तिला ठाऊकच होतं. तिनं डबा उंच धरून लांबूनच म्हटलं, पीचचा एक डबा न्हेते रं. इम्तियाजनं मान वर न करता म्हटलं, न्या मावशी. आज आपण सुनेपेक्षा सरस डबा निवडला, या खुशीत ती घरी आली. आयुष्यात क्वचितच अशी निर्धास्त चालत आली असेल.

डबा फोडताना ‘फस्’ जरा मोठा झाला आणि थोडा फेस फडक्याला लागला. ती दचकली. पण ती रोजच दचकत होती, त्यामुळे आजचं दचकणं वेगळं कळलं नाही. लांडगा आला, लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्याचं जे होतं तेच, फक्त इथं ओरडणारीही तीच आणि न ऐकणारीही तीच. तिनं पाक मोरीत ओतला, फोडी नळाखाली चांगल्या धुतल्या, काय वास असेल तो पाण्याबरोबर गेला. दही घातलं, जिरं घातलं. चव बघायचा प्रश्नच नव्हता. देवाला दाखवल्याशिवाय आणि नवरा जेवल्याशिवाय तिनं उभ्या जन्मात जिभेला काही लावलं नव्हतं. सासूनं पहिल्या दिवशी घालून दिलेली रीत होती ती, उष्टं व्हायला नको म्हणून. उरलेल्या फोडी नियमाप्रमाणे काचेच्या वाडग्यात, फ्रिजमध्ये.

सोनबानं पहिला चमचा तोंडात घेतला आणि तोंड फिरवलं. मान हलवली. डाव्या हातानं तिचा हात बाजूला सारला. तो रोजच कुरकुर करी, पण आज जास्त. तिनं त्याची हनुवटी धरली, लेकराला समजवावं तसं समजावलं, शेवटी जरा रागानं म्हणाली, “खावा म्हंते ना. औषिद हाय ते.” चार चमच्यांची वाटी रिकामी झाली. ती पाणी आणायला आत गेली, येऊन त्याचं तोंड पुसलं, गालात बोट फिरवलं. कोरडं. सगळं पोटात गेलं म्हणून तिला बरं वाटलं.

ती ताट वाढून घेणार एवढ्यात दारात स्कूटर थांबली. इम्तियाज चपला न काढता आत आला, हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. तो धापा टाकत होता. त्यानं विचारलं, मावशी, तुम्ही डबा कुठला नेला? फळीवरचा की खोक्यातला?

खोक्यातला, ती म्हणाली, टिचकी मारून घेतला.

इम्तियाजनं सांगितलं ते थोडक्यात असं. फुगलेला डबा म्हणजे आत बिघडलेला माल. खोक्यातले डबे त्यानं परत पाठवायला काढून ठेवले होते, आणि गिऱ्हाईक गेल्यावर बघतो तर त्यात एक कमी. कंपनीच्या एजंटनं त्याला बजावून सांगितलं होतं, फुगलेला डबा चुकूनही विकू नकोस, त्यात विष धरतं, माणूस दगावतो. तो बोलता बोलता थांबला, कारण त्याला ओट्यावर रिकामा डबा दिसला. मग त्याला दिवाणाशेजारची रिकामी वाटी दिसली.

“काकांनी खाल्लं?”

बायडाबाईनं मान हलवली. तिनं भिंत धरली. जन्मभर ती ज्या ज्या गोष्टींना भ्याली होती, कुकर, टाकी, वीज, त्यातल्या एकीनंही तिला कधी काही केलं नव्हतं. आणि जिथं तिनं हसत हात घातला तिथं साप निघाला. तोही तिनं स्वतः टिचकी मारून, पारखून घरी आणला होता. हनुवटी धरून भरवला होता. त्यांनी तोंड फिरवलं होतं. त्यांना कळलं होतं आणि सांगता येत नव्हतं, आणि आपण रागावलो.

इम्तियाजनं तिथूनच फाट्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या सांगत होत्या ते तो मोठ्यानं म्हणून दाखवत होता, म्हणजे बायडाबाईनं बघून सांगावं. पापणी जड होऊन मिटतेय का? बोलताना जीभ अडखळतेय का? गिळताना ठसका लागतोय का? हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटतेय का?

बायडाबाईनं दिवाणाकडे पाहिलं. पापणी अर्धी मिटलेली. जीभ जड. हात लुळा, पाय लुळा.

“हे समदं तर तवापासनंच हाय,” ती म्हणाली. “आता मी वळखू कसं?”

इम्तियाजनं ते फोनवर सांगितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तिथंच थांबा, मी येते, आणि उरलेलं फळ तसंच ठेवा, तपासायला लागेल. त्यांची गाडी दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे इम्तियाज त्यांना आणायला आणि येताना रिक्षा बघायला पळाला. जाताना तो मावशीला घाबरू नका म्हणाला.

घरात दोघंच उरली. सोनबा टक लावून तिच्याकडे बघत होता. ‘अं, अं’ करत होता, डावी मूठ भिंतीवर आपटत होता. पोटात आग पडली असेल, तिला वाटलं. विष चढतंय. ती त्याच्या पापणीकडे बघे, ती खाली आलीय की होती तिथंच आहे ते ठरवता येईना. त्याच्या छातीला कान लावी, तर तिचंच काळीज एवढं धडधडत होतं की त्याचं ऐकू येईना. मुंग्यांची रांग सकाळी पुसली होती ती पुन्हा लागली होती. आई म्हणाली होती ते खरं झालं.

आणि मग तिच्या भ्यालेल्या डोक्यात एक विचार आला. विचार वेडा होता, पण तिच्यापुरता अगदी सरळ होता. ह्यांच्या अंगावर ते विष दिसायचं नाही. माझ्या अंगावर दिसेल. माझी पापणी धड आहे, जीभ धड आहे, हातपाय धड आहेत. पापणी खाली आली, जीभ वळेनाशी झाली, तर डॉक्टरीणबाईंना कळेल की विष कुठलं आणि काय करायचं. आणि त्यांना वाचवता आलंच नाही, तर मागे राहून या घरात एकटीनं भीत बसायचं माझ्यानं व्हायचं नाही.

तिनं फ्रिज उघडला, वाडगा काढला आणि दिवाणासमोर जमिनीवर बसून खायला सुरुवात केली. डब्यातलं फळ ती पहिल्यांदाच खात होती. फोड जिभेवर चुरचुरली, आंबूस कडवट लागली. हे आपण त्यांच्या तोंडात घातलं, हे तेव्हा तिला खरं कळलं. प्रत्येक घासाला ती भीत होती, डोळे गच्च मिटून गिळत होती. सोनबाचा आवाज वाढला. तो ओरडत होता, मुठीनं भिंत बडवत होता, दिवाणाच्या कडेला सरकायला बघत होता. तिला वाटलं, आता झटके आले. तिनं उरलेल्या फोडी हातानंच तोंडात कोंबल्या. वाडगा रिकामा झाला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा सोनबा घामानं निथळत होता. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यात बॅटरी मारली, जीभ बघितली. सोनबा त्यांना काही करू देईना. एकसारखा डावा हात दिवाण आणि भिंतीच्या फटीत घाली आणि बाहेर काढी. डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्या थांबल्या आणि इम्तियाजला म्हणाल्या, ह्यांना काहीतरी दाखवायचंय, दिवाण ओढा.

इम्तियाज आणि बाहेरचा रिक्षावाला, दोघांनी मिळून सोनबासकट दिवाण हातभर पुढे ओढला.

मागे भिंतीलगत फळं होती. पीचच्या, नासपतीच्या फोडी. काही वाळून चामड्यासारख्या झालेल्या, काही अर्ध्या कुरतडलेल्या, भिंतीवर ओघळांचे डाग, आणि त्या सगळ्यावर मुंग्या. आजच्या फोडी वर होत्या, ताज्या, दह्यासकट. त्यांना एकही मुंगी लागली नव्हती.

गेले कितीतरी महिने सोनबानं डब्यातलं फळ गिळलंच नव्हतं. ती पाणी आणायला आत वळली की लुळ्या गालात साठवलेलं डाव्या हातात काढायचं आणि भिंतीमागे टाकायचं. फळ कसं असतं ते ठाऊक असलेला माणूस तो, झाडाखाली उभं राहून खाल्लेला. ते त्याला पटलं नव्हतं आणि बायकोला दुखवायचंही नव्हतं. तकाकी आली ती मुगाच्या वरणानं आणि सायीच्या दह्यानं आली असणार. आज तर जिभेला लागताक्षणीच त्यानं काही म्हणजे काही गिळायचं नाही असं ठरवलं होतं, दहीसुद्धा.

बायडाबाई मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ह्यांच्या पोटात काही नाही. मुंग्या मरणाच्या नव्हत्या, मुंग्या फळाच्या होत्या! तिनं भिंतीला डोकं टेकून देवाला हात जोडले. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आत फ्रिजकडे गेल्या. परत आल्या आणि त्यांनी विचारलं, “आजी, उरलेलं फळ कुठंय?”

“मी खाल्लं.”

“का?”

“त्यांच्या अंगावर दिसंना म्हून. माझ्या अंगावर दिसंल म्हनलं.”

मघापासून भिंत बडवणाऱ्या मुठीनं दिवाणाची कड धरली. बायडाबाईनं वर पाहिलं. सोनबा तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिनं आरशात हजारदा पाहिलं होतं, त्याच्या डोळ्यांत कधीच नाही. विहिरीत सूर मारताना नाही, काठ्या निघाल्या तेव्हा नाही, अंग गेलं त्या सकाळीही नाही. सोनबा भ्याला होता.

पुढं बायडाबाईला काही झालं नाही, दोन दिवस पोट बिघडलं तेवढंच, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? डॉक्टरीणबाईंनी तिला मोठ्या दवाखान्यात दाखल करायला सांगितलं. तिला रिक्षात बसवलं तर सोनबा दिवाणावरून खाली पडायच्या बेतात आला. इम्तियाजनं त्याला उचललं आणि तिच्या शेजारी बसवलं. सिंहगड रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. रिक्षा हलेना, आणि सोनबाचा डावा हात तिच्या मनगटाला जो घट्ट बसला तो सुटेना. तो तिच्या पापणीकडे बघत होता. ती मिटली की हिसका देई, तिला डोळे उघडायला लावी. आजवर ती त्याच्याकडे असंच बघत आली होती, आणि ते दुसऱ्या बाजूनं कसं वाटतं हे तिला आज कळत होतं.

दवाखान्यात पोट धुतलं, सलाईन लावलं, दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन वर बघा, जीभ काढा, मूठ आवळा म्हणे. संध्याकाळी जयसिंग आणि वैजयंता धावत आले. डॉक्टर त्यांना म्हणाले, उद्यापर्यंत लक्ष ठेवू, आत्ताच काही सांगता येत नाही. जयसिंगनं वडलांना घरी न्यायचं ठरवलं, त्यांना बसवत नव्हतं, मान कलत होती. पण मनगट सोडवायला गेलं की सोनबा घशातून असा आवाज काढी की मुलाचा हात आपोआप मागे येई.

बायडाबाईला स्वतःचंच नवल वाटत होतं. आज खरं भ्यायला हवं होतं. विष पोटात जाऊन आलेलं, हातात सुई, डोक्यावर विजेचा पंखा, शेजारी कसलंतरी टुकटुकणारं यंत्र. आणि भीती सापडत नव्हती. ती सगळी त्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे गेली होती. त्याचं वाकडं तोंड थरथरत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याला पुसताही येत नव्हतं, कारण चालता हात एकच आणि तो गुंतलेला.

तिनं सुईचा हात सांभाळून पदराचं टोक धरलं आणि त्याचं तोंड पुसलं.

“भ्यायाचं काय त्यात?” ती म्हणाली. “मी हाय न्हवं.”

सोनबानं तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. पण हात काही सोडला नाही. त्यानंतर नर्स आली, तेव्हा तिला नाडी दुसऱ्या हाताची बघावी लागली.